नाक न उचलणारी बोट

मला थांबता येत नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले की दर पाच मिनिटांनी काउंटरवर जाऊन "अजून किती जण" म्हणून विचारते, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच गॅसपाशी उभी असते. ही खोड आईकडून आली म्हणावी तर आई शांत बाई होती. बाबांकडून म्हणावी तर बाबांनी तीस वर्षं गिरणीत फिटर म्हणून काढली, आणि उघडलेल्या मशीनपुढे तासन्‌तास गप्प बसून नुसतं बघणं, ऐकणं, हेच त्यांचं काम होतं. तेव्हा ही माझी स्वतःची कमाई आहे. धाकट्या भावाने जुनी मोटरबोट घेतली आणि ती मेली धावेना, तेव्हा या कमाईचा मी भरपूर वापर केला.

भाऊ एका कंपनीच्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, होता. कंपनीने लाँचच मोडीत काढली आणि एक्कावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. लग्न त्याने केलं नाही. लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून तो आणि बाबा शीव कोळीवाड्याच्या ट्रान्झिट इमारतीत राहतात, सातव्या मजल्यावर, दोघेच. मी दादरला. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर कामगार पोहोचवायचं काम एका कंत्राटदाराकडे होतं आणि त्याला बोट हवी होती. अट एकच होती: सहा माणसं घेऊन धक्क्यापासून लांब पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जायचं आणि अर्ध्या तासाच्या आत परत यायचं. ट्रायल जमली तर काम पक्कं. नाही जमली तर भावाला आखातात जहाजं ओढणाऱ्या एका टगवर नोकरी तयार होती, वर्षातून एकदा सुट्टी. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाबांना त्या परक्या इमारतीत एकटं सोडायचं, किंवा माझ्या दादरच्या घरात आणायचं, जिथे ते दुसऱ्या दिवशी सकाळीच चपला घालून दाराशी बसतात. भावाला जायचं नव्हतं. त्याने तसं कधी म्हटलं नाही, पण आखाताचे कागद त्याने फ्रिजच्या वर, वर्तमानपत्राखाली ठेवले होते, त्यावरून मला कळलं.

बोट मांडव्याच्या एका माणसाची. एकोणीस फुटी फायबरची, मागे साठ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेलं. पर्यटकांना फेऱ्या मारून मारून तिचा निळा रंग उडाला होता. घ्यायच्या आधी त्या माणसाने आम्हाला चक्कर मारून आणलं तेव्हा मी पुढच्या फळीवर बसले होते. त्याने वेगाचा दांडा पुढे लोटला, बोटीचं नाक वर उठलं, क्षणभर समोर फक्त आभाळ दिसलं, आणि मग ती पाण्यावर चढून सपाट सरकायला लागली. मला ते फार आवडलं. अख्खी बोट थरथरत होती. दातावर दात आपटत होते.

मुंबईत भाऊच्या धक्क्याजवळ ती आणून बांधली. पहिल्या आठवड्यात बाबा बघायला आले, आतमध्ये बसले, तळाच्या फळ्यांवर तळवा ठेवला आणि भावाला इंजिन चालू करायला सांगितलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "इंजिन चांगला आसा. पण ही हलता किती! मशीन असा हलूक नये." दोन दिवस ते एकटेच येऊन फळ्या घट्ट करत बसले. पिशवीत पाने, स्क्रू, डोक्याला रुमाल. त्यानंतर बोट खरंच हलायची थांबली. भाऊ म्हणाला, "बघ, बाबांनी बसवली बोट." त्या दिवशी बाबांनी घरी येताना कोळंबी आणली आणि स्वतः सोलली. चाळ सुटल्यापासून मी त्यांना एवढं खुशीत बघितलं नव्हतं. हातात काही काम नसलं की बाबा सुकत जातात. आता त्यांना एक मशीन मिळालं होतं.

भावाने पहिल्यांदा घड्याळ लावून बोयाची फेरी मारली. सत्तेचाळीस मिनिटं. दांडा शेवटपर्यंत लोटलेला, इंजिन ओरडतंय, आणि बोट आपली पाणी ढकलत चाललीय, नाक काही उचलेना.

इथून पुढे दोन महिने आम्ही त्या बोटीच्या मागे लागलो. 'आम्ही' म्हणजे भाऊ, धक्क्यावरचा एक मेकॅनिक आणि मी. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला वेळ होता आणि घरी बसवत नव्हतं. बाबांना रोजचा बस-प्रवास झेपेना, म्हणून ते फोनवर असायचे. भाऊ इंजिन चालू करून मोबाइल त्याच्याजवळ धरायचा आणि बाबा शीव कोळीवाड्यातून ऐकायचे. "प्लग बघ." "आता बरा आसा." "जरा कमी कर... हां." त्यांचा एक कान गेलाय, दुसऱ्याने ते असं ऐकायचे की मेकॅनिक सुरुवातीला हसायचा आणि नंतर हसायचा बंद झाला.

आधी पेट्रोल काढून बघितलं, त्यात पाणी निघालं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, प्लग बदलले. सेहेचाळीस मिनिटं. मी म्हटलं, "एका मिनिटासाठी आठवडा गेला?" भाऊ म्हणाला, "ताई, तू चहा पी." मग बोट किनाऱ्यावर ओढून तिचा तळ खरवडला. मांडव्याच्या त्या माणसाने वर्षभर तो साफ केला नव्हता, शिंपल्यांचा खरखरीत थर बसला होता. मी पण खरवडायला बसले, दोन नखं तुटली, आणि पाण्यात सोडल्यावर त्रेचाळीस झाली. मला वाटलं, आता झालं, अजून थोडं. भावाला तसं वाटलं नाही. तो बोटीकडे असा बघायचा की जणू ती त्याच्याशी खोटं बोलतेय.

मी तर खोटं बोलणारा शोधलाच होता. मी मांडव्याच्या माणसाला फोन लावला आणि सरळ म्हटलं की तुम्ही आम्हाला दाखवलं एक इंजिन आणि दिलं दुसरं. तो म्हणाला, "मॅडम, नंबर ताडून बघा. माझ्याकडे तर पळत होती." मी त्याला लबाड म्हटलं. त्याने फोन ठेवला नाही, उलट शांतपणे विचारलं, "इंजिनाचा पाण्यातला पंखा आपटला का कुठे?" त्याच्या शांतपणाचा मला जास्त राग आला. नंतर नंबर ताडून बघितले, इंजिन तेच होतं. मी त्याची माफी मागितली नाही. ती अजून राहिली आहे.

पंखा आपटला नव्हता, पण मेकॅनिकने एक छोटा मीटर आणून इंजिनाचे फेरे मोजले आणि तोंडाने चक चक केलं. "इंजिनला दम लागतोय ताई. पूर्ण फिरायला पाहिजे तेवढं फिरतच नाय. लोड जास्त होतोय. पंखा बदलून बघू, कमी पाणी कापणारा." नवा पंखा आला. इंजिन मोकळं फिरायला लागलं, आवाज सुरेख झाला, फोनवर बाबा म्हणाले, "आता कसा गाता!" आणि बोट एकेचाळीस मिनिटांत परत आली.

त्या दिवशी भाऊ बोटीतून उतरलाच नाही. ट्रायलला नऊ दिवस राहिले होते. तो मागच्या फळीवर बसून राहिला आणि मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिले, बर्फाच्या पेट्यांमधून, मासळीच्या ओल्या पाट्यांमधून. एका बाईने मला दोनदा हटकलं, "काय हरवलं काय तुमचं?" मी म्हटलं, वेळ. ती म्हणाली, मग बाजूला होऊन हरवा, इथे गाडी लागते.

पुढचे दिवस मी भावाला फार छळलं. सकाळी फोन, दुपारी फोन. दुसरा मेकॅनिक बघ, कंत्राटदाराला तारीख वाढवून माग, इंटरनेटवर असं लिहिलंय, तसं लिहिलंय. तो "हो", "बघतो" म्हणायचा. एकदा नुसता म्हणाला, "ताई, मला बाबांना टाकून जायचं नाहीये गं." मी त्यावर काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मग हलव ना काहीतरी." असं मी बोलते. बोलून झाल्यावर मला कळतं.

ट्रायलच्या आदल्या दिवशी सकाळी मेकॅनिक बोटीत चढलाच नाही. भरती होती, बोट संथ उभी होती, रिकामी. तो धक्क्यावर उकिडवा बसून तिच्याकडे आडवं बघत राहिला, बाबा बघतात तसं. बराच वेळ. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, वर चढून बघा की." तो म्हणाला, "वर नाय दिसणार ते. तो पांढरा पट्टा बघा, बोटीला मारलेला. मागे पाण्याच्या वर आहे ना? आणि पुढे? पुढे कुठाय?" पुढे पट्टा पाण्याखाली होता. आम्ही दोन महिने त्या बोटीत उभं राहून तिला बघत होतो, बाहेरून कोणी बघितलंच नव्हतं. "पुढून बसलीय ती. नाक उचलणार कसं? तळात पाणी मुरलं असेल. आतला फोम भिजला असेल तर फळ्या उघडून सगळा काढावा लागेल." मी विचारलं, किती दिवस. तो म्हणाला, पंधरा.  भाऊ आत उतरला आणि पुढच्या फळीचे स्क्रू काढायला लागला.

स्क्रू सुटता सुटत नव्हते. नवे होते, तेल लावून पिळलेले. फळी उचलली तर खाली ना पाणी ना फोम. गोणपाटात गुंडाळलेल्या वस्तू एकाला एक लावून बसवल्या होत्या, मध्ये लाकडाच्या पाचरी, वरून सुती दोरी, दोरीला गाठी. भावाने एक गोणपाट सोडलं. आतमध्ये लोखंडी वजन होतं, ग्रीस लावलेलं, काळं, मध्ये आकडा अडकवायला भोक. कापडाच्या मागाला टांगायची वजनं, एकेक दहा-बारा किलोचं. अशी सोळा.

ती मी ओळखली. गिरणी बंद पडून भंगारात निघाली तेव्हा बाबांनी ती विकत घेऊन घरी आणली होती. लालबागच्या खोलीत ती कॉटखाली होती आणि घरातल्या प्रत्येकाचा अंगठा कधी ना कधी त्यांना आपटला होता. चाळ सोडताना मीच म्हटलं होतं, "बाबा, हे लोखंड सातव्या मजल्यावर जाणार नाही. भंगारवाल्याला द्या." दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं, "दिला." ती त्यांनी कुठे ठेवली होती, बोटीपर्यंत किती टॅक्सी केल्या, कोणी उचलायला मदत केली, हे आम्हाला आजही माहीत नाही. पण का घातली ते मला त्याच क्षणी कळलं. गिरणीत प्रत्येक मशीन जमिनीला बोल्टने जखडलेलं असतं. जे हलतं ते बिघडतं, बोल्ट ढिले होतात, माणसाचा हात जातो. बाबांनी आयुष्यभर मशीन हलू दिलं नाही. बोटीलाही त्यांनी पाया घातला. आणि काम किती नीट केलं होतं. एक वजन इंचभर सरकलं नव्हतं.

भाऊ हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाला, "हे बघ, बाबांना काही सांगायचं नाही. उद्या ट्रायल होऊ दे. मग मी सांगेन काहीतरी, पंखा जमला म्हणून. किंवा नाहीच सांगणार." मी म्हटलं, बरं. तो आणि मेकॅनिक वजनं वर द्यायला लागले आणि मी धक्क्यावर उभी राहिले.

आता हे लिहायचं तर खरं लिहायला हवं. मी बाबांना फोन केला. भाऊ सहावं की सातवं वजन उचलत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. का केला, याची मी नंतर पुष्कळ कारणं काढली. खरं कारण एवढंच की दोन महिने माझ्या आत जे खदखदत होतं त्याला कुठेतरी जायचं होतं. मांडव्याचा माणूस सुटला होता, मेकॅनिक सुटला होता. आणि ती वजनं घराबाहेर काढायला मीच लावली होती, हे मला टोचत होतं, म्हणून मला दोष घाईघाईने दुसऱ्याच्या हातात द्यायचा होता. मी म्हटलं, "बाबा, दोन महिने आम्ही बोट उघडून उघडून मेलो, आणि लोखंड तुम्ही भरून ठेवलंत? बोटीला पाया लागतो का? ती तुमच्यामुळे चालत नव्हती."

 पलीकडे त्यांच्या शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "बरा," आणि फोन बंद झाला.

अकराच्या सुमाराला सगळी वजनं धक्क्यावर आली. पांढरा पट्टा पुढूनही वर आला. भावाने मला आत घेतलं, बोट बाहेर काढली आणि दांडा लोटला. नाक उठलं. समोर आभाळ आलं, आणि मग ती पाण्यावर चढली आणि थरथरायला लागली, दातावर दात आपटायला लागले. भाऊ काहीतरी ओरडत होता ते मला ऐकू येत नव्हतं. त्याने एका हाताने मोबाइल काढला, बाबांना लावला आणि इंजिनाकडे धरला. थोड्या वेळाने कानाला लावून बघितला. परत लावला. "झोपले असतील," तो म्हणाला. बाबा सकाळी अकरा वाजता झोपत नाहीत. 

दुसऱ्या दिवशी ट्रायलला कंत्राटदाराची सहा माणसं आली, सगळी धिप्पाड, जणू मुद्दाम निवडून आणलेली. मी धक्क्यावर थांबले. थांबले म्हणजे चालले. बोया तिथून दिसत नाही, मध्ये एक जहाज येतं. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून ते किती वेळा बघितलं ते सांगत नाही. बोट जहाजाच्या आडून आली तेव्हा नाक वर होतं आणि मागे पांढरी रेघ होती. चोवीस मिनिटं. कंत्राटदाराच्या माणसाने भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सोमवारपासून यायला सांगितलं. भाऊ माझ्याकडे आला, त्याचे डोळे भरले होते, आणि पुन्हा त्याने बाबांना फोन लावला. पुन्हा कोणी उचलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी एवढी चांगली नटी नाही.

"तू सांगितलंस?"

"हो."

 तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो बोट बांधायला गेला आणि मी टॅक्सी करून शीव कोळीवाड्याला निघाले. वाटेत पेढे घेतले. लिफ्ट वर गेली होती, तिची वाट न बघता सात मजले चढले.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता. फोन समोर टेबलावर, चालू. हत्यारांची पिशवी त्यांनी धुऊन वाळत घातली होती आणि पाने वर्तमानपत्रावर ओळीने मांडून एकेक पुसत होते, कोणाला तरी देऊन टाकायच्या आधी पुसतात तसे.

"किती मिनटा?" त्यांनी विचारलं.

"चोवीस."

"बरा झाला. ह्यो आता जायचो नाय खंय." त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला. खरंच त्यांना आनंद झाला होता, तो दिसत होता, आणि त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

मी म्हटलं, "बाबा, बोट फार हलते आता. रविवारी तुम्ही येऊन एकदा बघा. इंजिनाचा आवाज पण जरा वेगळा वाटतोय." आवाज काही वेगळा नव्हता.

त्यांनी पाना खाली ठेवला. गिरणीतून आल्यावर आईला ज्या सुरात सांगायचे, की आज अमुक मशीन बंद होतं, अमुक पट्टा बदलला, त्याच सुरात ते बोलले. राग नव्हता, रुसवा नव्हता.

"तिका हलूकच होया, गो. माका ता कळूक नाय. मी उतरलंय, म्हणान ती धावली."

मी पेढ्यांचा पुडा परत बांधायला घेतला.  भावाने मला एक दिवस थांबायला सांगितलं होतं, फक्त एक, आणि त्यानंतर तो बाबांना नव्या पंख्याचं नाव सांगणार होता.